कार्तिक विशेष, पहाटे चार वाजता

बसमध्ये कोण बसतं हे मोजायचं काम मला मिळालं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. पुण्याच्या एका कंपनीनं मला बनारसला पाठवलं होतं. शहरात नव्या बसगाड्या येणार होत्या. त्यांचे मार्ग आखायचे, वेळापत्रकं बसवायची आणि ती लोकांना समजतील अशा भाषेत कळवायची, असं काम होतं. बसच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर मला एक खोली मिळाली. बाहेर ‘नियोजन कक्ष’ अशी पाटी, आत दोन टेबलं आणि एक कूलर. कूलर लावला की कागद उडायचे आणि बंद केला की मी घामानं भिजायचो. बहुतेक दिवस मी कागदांवर विटा ठेवून कूलर लावत असे.

राहायला मी दूधविनायक मोहल्ल्यात होतो, एका मराठी काकांकडे. काका संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले, एकटे, आणि त्यांचं घराणं पेशव्यांच्या काळापासून काशीत. त्यांच्या दोन खोल्यांपैकी गल्लीकडची त्यांनी मला दिली होती. त्यांची मराठी ऐकून पहिले आठ दिवस मला हसू आवरत नसे. “अरे, चहा पिऊन जा, जल्दी काय आहे? ऑफिस कुठे भागून जातंय?” असं ते म्हणायचे. मी त्यांना ‘जल्दी’ नाही, ‘घाई’ म्हणायचं असतं, हे शिकवायला गेलो. ते गंभीरपणे मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जल्दीच म्हणायचे. माझा तेव्हाचा स्वभाव सांगायला एवढं पुरे.

आत्या म्हणजे काकांची मोठी बहीण. सगळा जन्म त्याच गल्लीत काढलेली. त्या उन्हाळ्यात तिच्या मुलानं शहराच्या टोकाला, पांडेपूरच्याही पुढे, एका नव्या वसाहतीत घर बांधलं, आणि आत्याला तिकडे जावं लागलं. मुलगा बँकेत, बदलीच्या गावी. घरात सून आणि लहान नातू. एकादशीला मात्र आत्या दोन टेम्पो बदलून भावाकडे यायचीच. अशाच एका एकादशीला मी जमिनीवर माझे मोजणीचे तक्ते पसरून बसलो होतो. कुठल्या थांब्यावर किती वाजता किती माणसं चढली, किती उतरली, असे रकाने होते. आत्या चष्मा लावून वाकली.

“हे आठ वाजता का चालू होतं रे?”

“मोजणारी मुलं आठला येतात, आत्या.”

“म्हणजे मोजणारे उठतात तेव्हा गाव उठतं होय?”

काका खोकल्याचं निमित्त करून हसले. मला राग आला. मी तिला नमुना-सर्वेक्षण म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. तिनं शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, “ते ठीक आहे. पण पहाटेची माणसं तुझ्या कागदावर कुठे आहेत?”

ती नव्हतीच. “जे कागदावर नाहीत त्यांना गाडी मिळत नाही, आत्या,” मी म्हणालो. पहाटे बस नव्हती म्हणून बसला माणसं नव्हती, आणि माणसं नव्हती म्हणून आम्ही बस आखत नव्हतो. इतकी सरळ गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ती दाखवून देणारी बाई दूधवाल्याचा हिशेबही सुनेवर सोपवून मोकळी झालेली होती.

मग काकांनी खरं कारण सांगितलं. आत्याचा कार्तिकस्नानाचा बारा वर्षांचा नेम होता. महिनाभर, रोज, सूर्य उगवायच्या आत पंचगंगा घाटावर, गंगेत स्नान करायचं आणि घरी येऊन आपल्या तुळशीला पाणी घालायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. बारा कार्तिक झाले की उद्यापन. अकरा झाले होते, गल्लीतून दहा मिनिटं चालत जाऊन. बारावा आता पांडेपूरच्या पलीकडून करायचा होता.

“महिनाभर इथेच राहा ना,” मी म्हणालो. “मी खोली सोडतो. डेपोत झोपेन.”

“आणि तुळस?” आत्या म्हणाली. “ती तिकडे नि मी इकडे? नेम तसा नाही, बाळा.”

मी त्याच आठवड्यात प्रस्ताव लिहिला. कार्तिक महिन्यात पांडेपूरच्या पुढून मैदागिनपर्यंत पहाटे चारची एक गाडी, सहा वाजता परत. मैदागिनपासून पुढे घाटापर्यंत गल्ल्या. तिथून सगळ्यांनाच पायी जावं लागतं. बसच्या कचेरीतल्या माझ्या साहेबांनी तो दोनदा वाचला. साहेब चांगले होते, पण त्यांचा कागदावर जितका विश्वास होता तितका माणसांवर नव्हता. “एक महीना, ट्रायल,” ते म्हणाले. “सवारी मिली तो हर साल चलेगी. नहीं तो राम-राम.”

जाहीर सूचनेचा मजकूर मी स्वतः लिहिला. आधीच्या सूचना वकिली नोटिशीच्या थाटाच्या असत. मला ती भाषा मोडायची होती. मी वर मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं : ‘कार्तिक विशेष’. खाली : ‘पूरे कार्तिक मास, प्रतिदिन, प्रातः चार बजे’. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, तारखा. तारखा काढायला मी खोलीतलं कॅलेंडर उतरवलं. दरवर्षी आई पुण्याहून पाठवायची ते मराठी कॅलेंडर. त्यात कार्तिक पाडव्याला सुरू होत होता आणि अमावास्येला संपत होता. मी दोन्ही तारखा लिहिल्या. साहेबांनी सही केली, छापखान्यात पत्रकं निघाली, वर्तमानपत्रात चौकट आली, थांब्या-थांब्यावर खळ लावून कागद चिकटले. कचेरीतल्या आठ-दहा जणांनी ते पत्रक पाहिलं. सगळ्यांनी मोठी अक्षरं वाचली आणि बारीक अक्षरं माझ्यावर सोडली.

आमच्या सगळ्या प्रसिद्धीपेक्षा आत्याचा प्रचार भारी होता. वसाहतीत, मंदिरात, भाजीच्या गाड्यापाशी, जिथे म्हणून चार बायका भेटतील तिथे ती सांगत सुटली होती : “हमारे घर का लड़का गाड़ी ला रहा है. पंचगंगा चलो.” काकांनी हे मला सांगितलं तेव्हा मी वरवर संकोच दाखवला आणि आतून फुगलो.

कोजागरीला आम्ही गच्चीवर दूध प्यायलो. पंचगंगेच्या बाजूला उंच बांबू उभे राहिलेले दिसत होते. त्यांच्या टोकांना टोपल्या बांधून आत दिवे लावतात, ते आकाशदीप. कार्तिकात ते रोज पेटतात. मी म्हणालो, “वा, इतकी आधीपासून तयारी करतात!” काकांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं.

“उद्या पहाटे उठवू का तुला?”

“कशाला? मला दहाचं ऑफिस आहे.”

काकांनी रिकामे पेले गोळा केले. गाडी सुरू करून देणारा माणूस स्वतः तिच्या पहिल्या फेरीला जात नाही, ही पुण्याची रीत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी जिना चढत होतो, तेव्हा डेपोचे टाइमबाबू खाली उतरत होते. गाड्या सुटण्या-येण्याच्या वेळा लिहिणारे हे गृहस्थ रात्रपाळी संपवून घरी निघालेले. त्यांनी मला जिन्यातच अडवलं.

“भइया, आपके गाड़ी कहाँ रहल? पांडेपुर से फोन पर फोन. पचीस-तीस माई लोग भोरे से खड़ी रहलीं.”

“ती गाडी दिवाळीनंतर,” मी हिंदीत सांगितलं. “कार्तिक सुरू व्हायला अजून पंधरा दिवस आहेत.”

टाइमबाबू माझ्याकडे बघत राहिले. ते चेष्टा करत नव्हते. मला बरं नाही की काय, असं त्यांना वाटत होतं. “काल्ह पुरनमासी रहल,” ते हळू आवाजात म्हणाले. “आज से कातिक लग गयल न.”

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. श्रावणात आमच्या गल्लीतले लोक माझ्याआधी पंधरा दिवस उपास धरून बसले होते, तेव्हा मी त्यांची थट्टाही केली होती. आणि मुळात कार्तिकस्नान आपल्याकडेसुद्धा कोजागरीनंतरच सुरू होतं, हे माझ्या आजीनं मला सांगितलेलं होतं. पण तारखा काढताना मी बनारसमध्ये नव्हतोच. मी आईच्या कॅलेंडरासमोर, पुण्यात होतो.

मी साहेबांकडे धावलो. त्यांनी फाइल मागवली. गाडी, ड्रायव्हरच्या पाळ्या, डिझेल, सगळं त्या दोन तारखांना मंजूर होतं. तारीख बदलायची तर समितीचा नवा ठराव हवा, आणि समितीची बैठक दिवाळीनंतर. मी हात जोडले. मग आवाज चढवला. साहेबांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, “गलती हम दोनों की है. दस्तखत मेरा है. लेकिन बिना काग़ज़ गाड़ी नहीं निकलती, बेटा.” त्यांच्यावर चिडायचीही सोय उरली नाही.

दुपारी मी आत्याकडे गेलो. नव्या घराला अजून रंग नव्हता, आणि तुळस अंगणात प्लास्टिकच्या बादलीत होती; वृंदावन बांधायचं राहिलं होतं. दाराशी खुंटीला एक कापडी पिशवी अडकवलेली. तीत कोरडं लुगडं, पितळेचा गडू, फुलवाती. पहाटे ती पिशवी घेऊन ती साडेतीनलाच थांब्यावर गेली होती आणि उजाडेपर्यंत बाकीच्या बायकांना धीर देत उभी होती. त्यांच्या पाठीशी भिंतीवर माझंच पत्रक चिकटवलेलं होतं.

मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. “असू दे,” एवढंच म्हणाली आणि मला बेसनाचा लाडू दिला.

“मी उद्यापासून रिक्षा ठरवतो,” मी म्हणालो. “रोज तुम्हाला नेऊन आणेल. आजचा एक दिवस…”

“आणि बाकीच्यांचं?” तिनं विचारलं. “त्यांना मी बोलावलं होतं. मी म्हटलं होतं, आमच्या घरचा मुलगा गाडी आणतोय. आता त्यांना थांब्यावर सोडून मी एकटी रिक्षानं जाऊ? कुठल्या तोंडानं?”

“पण तुमचा नेम, आत्या!”

ती तुळशीकडे गेली आणि पिवळी पानं खुडत बसली. मी लाडू रुमालात बांधून निघालो.

पुढचे दोन दिवस मी खळीची बादली घेऊन थांबे हिंडलो. पत्रकांवर कागदाची पट्टी लावून तारखा तळहाताएवढ्या अक्षरांत लिहिल्या. लोक थांबून वाचायचे आणि विचारायचे, “आधा कातिक काहे, बाबू?” मी बादली उचलून पुढच्या थांब्याकडे निघायचो. दिवाळीला पुण्याला गेलो नाही. आईला सांगितलं, काम आहे. काका जेवताना कधीतरी बोटांवर काही मोजू लागायचे, मध्येच थांबायचे आणि भात कालवायचे.

पाडव्याला गाडी सुटली. मी मैदागिनला उभा होतो. गाडी गच्च भरून आली. बायका उतरताना एकमेकींना हाका मारत होत्या, कुणाची पिशवी राहिली होती, कुणाला आधीच गार वाटत होतं. आत्या शेवटी उतरली. “छान आहे रे गाडी,” ती म्हणाली. “खिडकीपण उघडते.” आणि सगळ्यांच्या पुढे होऊन गल्लीत शिरली, कारण रस्ता तिच्या पायाखालचा होता. त्या बायकांना मागे वळून “जल्दी चलो, जल्दी,” म्हणताना ती इतकी खूश दिसत होती की मला रडू आलं. अर्धा कार्तिक का होईना, असं मी स्वतःला समजावलं. पण अर्धा नेम असं काही नसतं, हेही मला कळत होतं.

पौर्णिमेपर्यंत गाडी रोज भरून आली. पौर्णिमेला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी आकाशदीपांचे बांबू उतरले आणि बनारसचा कार्तिक संपला. माझी गाडी मात्र अमावास्येपर्यंत मंजूर होती. मी साहेबांना म्हणालो, आता बंद करू या, रिकामी धावेल. साहेब म्हणाले, “काग़ज़ में अमावस्या तक है न? तो अमावस्या तक चलेगी.” वर्षभरात त्यांचं एवढं एक वाक्य मला तोंडपाठ झालं. ती रिकामी गाडी बघायला मी एकदाही पहाटे उठलो नाही. डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहायचो. उठलो की स्वयंपाकघरात काकांनी धुऊन उपडे ठेवलेले दोन कप दिसायचे. काका हल्ली दोनदा चहा घेतात, असं मला वाटलं.

महिना संपल्यावर वेबिलं आली, म्हणजे कंडक्टर प्रत्येक फेरीचे प्रवासी ज्यावर लिहितो ते कागद. पौर्णिमेपर्यंतचे आकडे पाहून जरा बरं वाटलं. पुढचे कागद मी शून्यं बघायच्या तयारीनं उलटले. शून्य नव्हतं. एक होता. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. अमावास्येपर्यंत रोज, जाताना एक, येताना एक.

माझं डोकं फिरलं. रिकाम्या गाडीचा ठपका नको म्हणून कंडक्टरनं घरबसल्या एक-एक लिहून टाकला असणार. मी तसाच डेपोत गेलो आणि सगळ्यांसमोर त्याला झापलं. तो ऐकून घेत उभा राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, “साहब, झूठ काहे लिखब? एक माई रोज आवत रहलीं. पांडेपुर से. आप ही के ओर के हईं, मराठी माई. उतरत के रोज पूछें, ‘बेटा, लिख दिया न?’ हम काग़ज़ देखाईं, तब उतरें.”

मी घरी आलो. आत्या स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी उद्यापन होतं, असं काका म्हणाले. मी दारातच उभा राहिलो.

“तुम्ही पौर्णिमेनंतरही येत होता?”

“महिनाभराचा नेम होता ना,” आत्या म्हणाली. “पंधरा दिवस गेले ते पुढे भरून काढले. पाडव्यापासून अमावास्येपर्यंत. माझी आई घरातले सगळे नेम असेच मोजायची, शुद्ध पाडव्यापासून. गंगेचं स्नान म्हणून तेवढं इथलं घेतलं आम्ही. या वर्षी आईचं घेतलं.”

“शास्त्रात असं आहे?” मी काकांना विचारलं.

काकांनी समोरची पोथी मिटली. “तीन रात्री शोधतोय,” ते म्हणाले. “नाही, असं कुठे लिहिलेलं नाही सापडलं. उद्या पूजेला मीच बसतोय.”

“थंडी होती, आत्या. अख्ख्या गाडीत तुम्ही एकट्या.”

“एकटी कशी? ड्रायव्हर होता, कंडक्टर होता. चांगली पोरं आहेत. परत जाताना मी इथे भावाकडे चहा पिऊन जायची. तू घोरत असायचास.”

मला दोन कप आठवले. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “आणि तूच म्हणालास ना, जे कागदावर नाहीत त्यांना गाडी मिळत नाही. कागदावर पंधरा दिवस शून्य पडलं असतं, तर पुढच्या वर्षी तुझ्या साहेबानं गाडी दिली असती का? त्या बायकांना मी काय सांगितलं असतं?”

मी तिच्या पाया पडलो. मी फारसा कुणाच्या पाया पडणारा नाही.

आढावा बैठक पुढच्या आठवड्यात झाली. माझा तक्ता साहेबांसमोर होता. चूक माझी, असं मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आणि पुढच्या वर्षी गाडी कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासून सोडावी, असं शेवटच्या ओळीत. साहेबांचं बोट आकड्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. ते एक-एक मोजत शेवटपर्यंत गेले.

“यह एक कौन है?” त्यांनी विचारलं.

उत्तर मी तयार करून गेलो होतो. नियमित प्रवासी, ज्येष्ठ महिला, स्नानार्थी, असे शब्द तक्त्यात होते. ते मी वाचलेच नाहीत.

“हमारे घर की हैं, सर,” मी म्हणालो.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि शेवटच्या ओळीखाली सही केली. या वेळी त्यांनी तारखा दोनदा वाचल्या.